पहिला घोट गिऱ्हाइकाचा

पौनीकरांनी सगळ्या नोकरीत एकाही गिऱ्हाइकाला "कसं झालंय?" असं विचारलं नाही. ग्लास समोर ठेवायचा, एक पाऊल मागे सरकायचं, खांद्यावरचं फडकं ओढून आधीच लख्ख असलेला दुसरा ग्लास पुसायला घ्यायचा आणि मान न वळवता पाहत राहायचं. गिऱ्हाइकाचा पहिला घोट घशाखाली उतरला की पुसणं थांबे. मग एक तर ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत, नाही तर चकार शब्द न काढता समोरचा ग्लास उचलून नेत आणि नवा बनवायला घेत. गिऱ्हाईक बिचारं हात तसाच हवेत ठेवून बसलेलं असे.

"विचारलं का मानूस खोटं बोलते," ते म्हणत. "सोयऱ्याच्या घरी जेवल्यावर भाजी बिघडली असं तुमी कधी म्हन्लं का? नाई ना? मंग? तोंड काय बोलते ते सोडा डॉक्टरसाहेब, गळा काय म्हन्ते ते पाहा."

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या घशात टॉर्च मारून पाहिलं, पण घसा काही म्हणतो हे मला एका बारमनकडून शिकावं लागलं. पौनीकर हे त्यांचं खरं नाव नाही. "लिहाचं तं लिहा, नाव बदला," एवढ्या अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे. हॉटेलचं नावही सांगणार नाही. मालक अजून माझ्याकडे कान तपासायला येतात.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं आणि गावाने एकदम नवे बूट घातले. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्यामागे ठेकेदार आले, ठेकेदारांच्या मागे हॉटेलं आली. जी. ई. रोडवरच्या अशाच एका हॉटेलात पहिल्या मजल्यावर कॉकटेल बार निघाला. तोवर आमच्याकडे पिणाऱ्याला व्हिस्की, रम आणि बियर एवढंच ठाऊक. पुदिना चटणीत जातो, दारूत नाही, असं मानणारं हे गाव. त्या बारच्या काउंटरमागे पौनीकर उभे राहिले. वडील रेल्वेत होते, राहायला बूढ़ापाऱ्यात. तरुणपणी नागपूरच्या एका बारमध्ये ग्लास विसळण्यापासून सुरुवात करून हा माणूस इथवर आला होता. बुटका, काळासावळा, केस पाण्याने चप्प बसवलेले, आणि हात मात्र एखाद्या सर्जनचे. मी सर्जन आहे, तेव्हा हे कौतुक मी उगाच करत नाही.

पण मी त्यांना प्रथम पाहिलं ते बारमध्ये नव्हे, समता कॉलोनीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये. बूढ़ा तालाबच्या वळणावर स्कूटर घसरून डोकं मागून आपटलं होतं. जखम तीन आठवड्यांत भरली. आता कशाचाच वास येत नाही, ही तक्रार होती.

मी डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाखाली धरली. कॉफी. "काई नाई." लवंग. "काई नाई." केवडा. "आनली का बाटली?" बाटली नाकालाच टेकलेली होती. शेवटी कापूर धरला, तेव्हा म्हणाले, "थंड वाटून राहिलं. वास नाई, थंड."

अशा मारात नाकाच्या वरचे बारीक तंतू तुटतात. कधी वर्षभरात परत येतं, बहुतेकदा येत नाही. मी हे त्यांना सरळ सांगितलं. मला गोड बोलून सांगता येत नाही. बायको म्हणते, हा माझ्या स्वभावातला दोष आहे.

"न् जीभ?" त्यांनी विचारलं.

"गोड, खारट, आंबट, कडू. एवढं कळेल. संत्रं की मोसंबी, रम की ब्रँडी, हे नाही कळणार. ते सगळं नाकाचं काम असतं."

त्यांनी कापराची बाटली उचलून टेबलावर परत ठेवली. मग म्हणाले, "चार उरले म्हना." आणि पुढे, "डॉक्टरसाहेब, मी बारमन आहो. मालकाले समजलं तं मले काउंटरवरून काढून स्टोअरमध्ये बसवतीन. खोके मोजाले. मी तिथं मरून जाईन."

पेशंटचं गुपित माझ्यापाशीच राहतं, असं मी सांगितलं. त्यावर मान हलवून म्हणाले, "मंग रविवारी येजा. माह्या हातचं पिऊन पाहा न् खरं सांगा. तुमाले गोड बोलता येत नाई, हे मले दिसलंच."

अशा रीतीने मी, महिन्यातून एखादा पेग तोही नाक मुरडत घेणारा माणूस, दर रविवारी संध्याकाळी सहाला बारमध्ये जाऊ लागलो. घरी सांगितलं, पेशंट बघायला जातोय. ते खोटंही नव्हतं.

पहिल्याच रविवारी मी थक्क झालो. नाक गेलेला माणूस नऊ प्रकारच्या बाटल्या हाताळत होता आणि एकही थेंब चुकत नव्हता. बाटल्यांची जागा ठरलेली. कोणी एक बाटली बोटभर सरकवली तरी हा शांत माणूस खवळायचा. शेकर कानाजवळ धरून हलवायचा. "बर्फ आधी खडखड करते, मंग खळखळ करते. खळखळ लागली का काढाचं," हे त्यांचं गणित. पण हे सगळं वरवरचं. खरी विद्या ग्लास ठेवल्यानंतर सुरू व्हायची.

"तो पाहा," ते ओठ न हलवता मला सांगत. "गिलास हाताजवळ ठेवला. पटलं. तो तिकडचा, त्यानं गिलास बाजूले सरकवला न् शेंगदाने घेतले. नाई पटलं." घोट घेताना भुवई कधी हलली, आधी की नंतर; गळ्याची घाटी एकदाच वर गेली की अडखळून दोनदा; जीभ ओठावरून फिरली ती चव शोधत की चव पुसत. हे सगळं मीही रोज पाहत होतो, पण मला कधी दिसलं नव्हतं. पूर्वी ते अधूनमधून पाहत, चेहऱ्यांची हौस म्हणून. आता त्यांना त्यावाचून गत्यंतर नव्हतं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ते स्वतःच्या हातची चव घेत होते.

बीरगांवकडचा एक कारखानदार शेठ येत असे. पाचही बोटांत अंगठ्या, आणि काहीही दिलं तरी "एक नंबर!" म्हणायची सवय. एकदा त्याने शेजारच्या टेबलावर पाहून आल्याचं कॉकटेल मागवलं. घोट घेतला, "एक नंबर!" म्हणाला. पौनीकरांनी ग्लास उचलला.

"अरे भैया, बढ़िया तो था!"

"बढ़िया था तो आपने गिलास उधर काहे रख दिया, शेठजी?"

शेठ आधी चिडला, मग हसायला लागला, मग हळू आवाजात म्हणाला, "हव जी, बचपन से अदरक नहीं जमता. सब पी रहे थे तो मँगा लिया." पौनीकरांनी त्याला लिंबू, काळं मीठ आणि किंचित रम असं काही तरी करून दिलं. त्या दिवसापासून शेठने मेनूकार्ड हातात धरलं नाही. "जो देना है दे दो," म्हणून लहान मुलासारखा बसून राहायचा.

दुसरी एक आठवण. भोपाळहून बदलून आलेल्या एक अधिकारी बाई एकट्याच आल्या. चाळीस पुरुष माना वळवून बघतायत, आणि बाई मेनूकार्डामागे. पौनीकरांनी काही न बोलता त्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्टुलांवर 'आरक्षित'च्या पाट्या ठेवल्या. बाईंनी पहिल्या घोटानंतर ग्लास हाताजवळच ठेवला, पण बोटं त्याच्या दांडीवर घट्ट. ते बघून पौनीकरांनी दुसऱ्या वेळी दारूचा थेंबही न घालता तेच पेय, त्याच उंच दांडीच्या ग्लासात, तशीच संत्र्याची साल लावून दिलं. बाईंनी घोट घेतला, वर पाहिलं आणि मान लववली. नंतर वर्षभर त्या येत होत्या, दर वेळी तेच घेत. त्यांच्या ग्लासात काय असतं हे वेटरांच्या कॅप्टनलासुद्धा माहीत नव्हतं. मलाही पौनीकरांनी सांगितलं ते बाईंची बदली झाल्यावर.

"तुम्हाला कसं कळलं, की त्यांना दारू नको होती?" मी विचारलं.

"त्यायले दारूचं काई नव्हतं, साहेब. त्यायले बसाले जागा पाह्यजे होती."

असं दोन वर्षं चाललं. त्यांचं नाक परत आलं नाही. दर तीन महिन्यांनी मी त्याच बाटल्या धरायचो आणि ते "थंड" एवढंच म्हणायचे. मग एका मे महिन्यात बर्फाचं मशीन बंद पडलं. बाहेर आमचं ते प्रसिद्ध ऊन, आत बार भरलेला. कोणी तरी मेजवानीच्या किचनमधल्या मोठ्या फ्रीझरमधून बर्फ आणून टाकला. दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी त्या फ्रीझरमध्ये मासळी भरली आहे, हे आणणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. बर्फ दिसायला काचेसारखा. पौनीकरांनी अकरा ग्लास भरले.

मी तिथेच होतो. पहिला घोट एका निवृत्त प्रोफेसरांनी घेतला. सभ्य माणूस, तक्रार करणं त्यांना जमत नसे. त्यांची भुवई नाही हलली, नाकपुड्या हलल्या. मग दुसऱ्या टेबलावर तेच. पौनीकरांचं फडकं थांबलं. ते माझ्याकडे आले, माझा ग्लास पुढे सरकवून म्हणाले, "वास घ्या." मी घेतला. ग्लासात चक्क रोहू होता.

"बर्फात मासळी," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण एक क्षणच. टेबलाटेबलावर स्वतः जाऊन त्यांनी अकराच्या अकरा ग्लास उचलले, प्रत्येकाला हात जोडून म्हणाले, "गलती मेरी है." बर्फ आणणाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. तेवढ्यात नवे मॅनेजर मिश्राजी आले. त्यांनी बर्फाची बादली हुंगली आणि मग पौनीकरांकडे रोखून पाहिलं.

"पौनीकर, इतनी बास आ रही है. आपको नहीं आई?"

पौनीकरांनी बादली उचलून मोरीत रिकामी केली.

पंधरा दिवसांत नोटीस लागली. मुंबईहून ट्रेनर येणार, काउंटरवरच्या सगळ्यांची चाचणी होणार. सहा ग्लास ठेवतील, हुंगून आणि चाखून कशात काय बिघडलंय ते कागदावर लिहायचं. चाचणी दुपारी तीनला होती. बारा वाजता पौनीकर माझ्या क्लिनिकमध्ये हजर.

"सर्टिफिकेट द्या. सर्दी झाली म्हनून."

मी प्रॅक्टिसच्या इतक्या वर्षांत खोटं सर्टिफिकेट दिलेलं नाही; मंत्र्यांच्या मेहुण्यालासुद्धा नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी पेन उचललं होतं. तारीखही घातली. त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या. सर्दी तं आठ दिवसाची. पुढच्या मईन्यात अजून सर्दी लागन." ते उठले. "मी खरं सांगून टाकतो. तुमी चाला मात्र सोबत. डॉक्टर असला का लोक मधात बोलत नाई."

भर दुपारी पडदे उघडे असलेला बार मी पहिल्यांदाच पाहिला. ट्रेनर होत्या रेवती मॅडम, तिशीच्या, केस वर बांधलेल्या, चेहऱ्यावर कमालीचा कोरेपणा. सहा ग्लास मिश्राजींनी किचनमधून तयार करून आणले होते. कशात काय खोडी केलीय हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, मॅडमनाही नाही. पौनीकरांची पाळी आली.

"मॅडम, एक मिनट," ते म्हणाले. "मेरी नाक काम नहीं करती. दो साल हो गए. ये मेरे डॉक्टर साहब हैं."

मिश्राजींच्या हातातला ट्रे वाजला. "दो साल? दो साल से आप बिना नाक के ड्रिंक बना रहे हैं?"

"हव. और शिकायत एक ही आई, मच्छीवाली." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "कागज पे मैं नहीं लिख सकता. आप पीजिए, मैं बताता हूँ."

मॅडमना गंमत वाटली असावी. त्यांनी पहिला ग्लास उचलला. पौनीकर एक पाऊल मागे सरकले आणि फडकं काढून रिकामा ग्लास पुसू लागले.

"ये ठीक है," ते म्हणाले. होताच. दुसऱ्याला म्हणाले, "इसमें नाक को पहले मालूम पड़ा, जीभ को बाद में. जूस बासी है." बरोबर. तिसरा: "नींबू ज्यादा." बरोबर. चौथ्याला जरा थांबून म्हणाले, "ये आपको अच्छा लगा."

"गलत!" मिश्राजी जवळजवळ ओरडले. "इसमें मैंने केवड़ा डाला है!"

"लेकिन मुझे अच्छा लगा," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

पाचवा चुकला. मॅडमनी एव्हाना चेहरा सावरून धरला होता. सोड्याला रबराचा वास होता, पौनीकर "ठीक है" म्हणाले. चूक कबूल करून त्यांनी कपाळ पुसलं. सहावा बरोबर. मग मॅडम म्हणाल्या, "अब मेरे लिए एक बनाइए. जो आपका मन करे."

त्यांनी शेकर कानाशी धरला. खडखड, मग खळखळ. ग्लास ठेवला, मागे सरकले. मॅडमनी घोट घेतला आणि बोलायला तोंड उघडलं, तोवर ग्लास काउंटरवरून गेलेला होता. दुसरा आला. मॅडमनी घोट घेतला, डोळे मिटले, ग्लास हाताजवळ ठेवला आणि त्यावरचा हात काढलाच नाही.

"पहले वाले में क्या गलत था, मुझे खुद समझ में नहीं आया था," त्या मिश्राजींना म्हणाल्या. "इन्हें काउंटर से मत हटाइए. बर्फ और फल कोई दूसरा सूँघ लेगा."

मी डॉक्टर म्हणून अनेक अवघड ऑपरेशनं पाहिली आहेत, मोठमोठ्या सर्जनांच्या मागे उभं राहून श्वास रोखला आहे. त्या दुपारी तसाच श्वास रोखला होता, हे जिना उतरताना माझ्या लक्षात आलं.

खाली स्कूटरला किल्ली लावताना पौनीकर म्हणाले, "एक आहे साहेब. घरी समजू देऊ नका."

"म्हणजे? वहिनींना माहीत नाही?"

"सगळ्या हॉटेलले सांगतलं, तिले नाई." ते आरशातून मागची गाडी बघत असल्यासारखे बोलले. "मी कोनाले विचारत नाई, पन ती मले रोज विचारते. भाजी कशी झाली, भाजी कशी झाली. बावीस वर्षं झाले. तिले समजलं तं ती विचारनं बंद करन."

ते हेल्मेट घालून निघून गेले.

पुढे ते निवृत्तीपर्यंत त्याच काउंटरवर होते. निवृत्तीनंतर मुलीकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा मी निरोप घ्यायला बूढ़ापाऱ्यातल्या त्यांच्या घरी गेलो. सकाळचे दहा वाजले होते. सामान बांधून ओट्यावर लागलेलं, स्वयंपाकघर तेवढं चालू. पौनीकर टेम्पोवाल्याशी बोलायला गल्लीत गेले होते. त्यांच्या पत्नी, शोभाताई, कढईतून सांबारवड्या काढत होत्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्याच्या वड्या.

"त्यायले आवडते," त्या म्हणाल्या. मग झारा तसाच धरून, माझ्याकडे न बघता, "डॉक्टरसाहेब, तुमाले तं माहीत असनच. त्यायच्या नाकाचं."

मी कढईकडे बघू लागलो. पेशंटचं गुपित.

"मले पयल्याच मईन्यात समजलं होतं. दूध करपलं होतं माह्या हातून. साऱ्या घरात वास. न् हे आपले चहा पिऊन म्हन्तात, छान झाला. मी काई बोलली नाई. बोलली असती तं त्यायले वाटलं असतं, हिचं केलेलं आता आपल्याले समजत नाई, हे हिले समजलं."

गल्लीत पावलं वाजली. शोभाताईंनी पदराला हात पुसले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसल्या. पौनीकर आत आले, "अरे, डॉक्टरसाहेब!" म्हणाले आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. मधल्या स्टुलावर तीन प्लेटा होत्या.

शोभाताईंनी आपल्या प्लेटीतली वडी मोडली आणि तुकडा तोंडात घातला. सावकाश, घाई न करता चावला. चेहरा पूर्ण उजेडात, डोळे नवऱ्याकडे. पौनीकरांचा हात गुडघ्यावर थांबला होता. ते बघत होते. शोभाताईंची भुवई, जबडा, गळा.

"कशी झाली?" घास गिळून शोभाताईंनी विचारलं. पौनीकरांनी अजून वडीला हात लावलेला नव्हता.

"सांबार ताजा आहे आज," पौनीकर म्हणाले. "आलं जरासं कमी."

"हाव, आलं संपलं होतं," शोभाताई म्हणाल्या, आणि नवऱ्याची प्लेट त्यांच्या हाताजवळ सरकवली.

मग पौनीकरांनी वडी उचलली आणि खाल्ली. माझीही प्लेट केव्हाची हातात होती. शोभाताईंनी दुसरा तुकडा मोडून पुन्हा उजेडाकडे तोंड केलं, तेव्हा मीही न खाता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबलो.